‘आम्ही’ आणि ‘आपण’ : मराठी समूहगीताच्या चालीविषयी

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले की तो आत घेतला जातो. ‘आम्ही जेवायला निघालो’ आणि ‘आपण जेवायला निघालो’ या दोन वाक्यांतला फरक शाळेत न गेलेल्या मुलालाही कळतो. हिंदी-उर्दूतल्या ‘हम’ला ही सोय नाही. तिथे ऐकणारा आत आहे की बाहेर, हे संदर्भावरून ठरवावे लागते. आपल्या व्याकरणाने केलेला हा भेद समूहाने गायल्या जाणाऱ्या मराठी कवितेच्या इतिहासाकडे पाहताना फार उपयोगी पडतो, असे आम्हाला वाटते. अनेक कंठांतून एक कविता उमटते तेव्हा गाणारे ‘आम्ही’ असतात की गाणारे आणि ऐकणारे मिळून ‘आपण’ होतात, हा प्रश्न कवीने कोणते सर्वनाम वापरले एवढ्यावर सुटत नाही. त्याचे बरेचसे उत्तर चालीत असते.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्यासमोर एक गाव आहे, ते म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी. यंत्रमागांसाठी ते सर्वांना ठाऊक आहे आणि दंगलींसाठीही. साहित्याच्या इतिहासात मात्र भिवंडीचे नाव वेगळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. त्याकडे आपण येऊच. त्याआधी मराठी कविता समूहाच्या तोंडी कशी गेली, हे पाहिले पाहिजे.

१. चाल आधी, शब्द नंतर

‘कवितेला चाल लावणे’ हा शब्दप्रयोग आज आपण सहज करतो. कविता आधी तयार असते, मग संगीतकार ती हाती घेतो आणि तिला स्वर देतो, असे चित्र त्यातून उभे राहते. मराठी कवितेच्या बहुतांश इतिहासात हे चित्र उलटे होते. चाल आधीच लोकांच्या गळ्यात होती आणि कवी तिच्यात शब्द भरत होता. जुन्या छापील पदसंग्रहांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध पदाचा आरंभ दिलेला असे, तो याच व्यवहाराची खूण होय. वाचकाने स्वरलेखन वाचावे अशी अपेक्षा नव्हती. ती चाल त्याला येत असणार, हे गृहीत होते.

याचे सर्वांत जुने उदाहरण मराठीच्या पहिल्या कवयित्रीपाशीच सापडते. महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात रचलेले ‘धवळे’ ही लग्नगीते आहेत. लग्नात बायकांनी गायच्या प्रकाराचा साचा तिच्यापुढे होता. त्यात तिने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची स्वतःची रचना बसवली. अभ्यासक्रमात आपण हे धवळे ‘आद्य स्त्रीकाव्य’ म्हणून वाचतो, पण ते गायले जाण्यासाठी रचले गेले होते याचा आपल्याला विसर पडतो. भिवंडी आणि आसपासच्या तालुक्यांतील आगरी लग्नांत धवलारीण जे गाते त्यालाही ‘धवळे’च म्हणतात. धवलारीण ओळ सांगते आणि सोबतच्या बायका ती उचलतात. सातशे वर्षांच्या अंतराने शब्द सगळे बदलले असतील, परंतु एकीने ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी घ्यायची, ही रीत साहित्याच्या इतिहासात आणि गावच्या मांडवात सारखीच आहे.

अभंगाचा घाट पाहिला की ही रीत छंदातच कशी मुरलेली आहे ते दिसते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. कागदावर हा चौथा चरण तोकडा वाटतो. भजनात ऐकला की कळते, तिथे जी जागा मोकळी राहते ती टाळकऱ्यांची. मुख्य गायक चरण संपवून श्वास घेतो तेवढ्यात ध्रुपद मागच्यांच्या तोंडी गेलेले असते. ओवीचा अखेरचा चरणही असाच आखूड असतो, आणि जात्यावर बसलेल्या दोघींपैकी दुसरीला आपली ओवी सुरू करायला तेवढी उसंत पुरते. पोवाड्यात हे काम झीलकरी करतात. शाहीर ओळीच्या शेवटी पोचतो न पोचतो तोच झीलकरी तिचे शेपूट वरच्या स्वरात उचलून धरतात. यामुळे शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो आणि श्रोत्याला आत्ता ऐकलेले मनात बसवायला. गर्दीपुढे, उघड्यावर, लाउडस्पीकरशिवाय दीर्घ कथन करायचे तर या युक्तीला पर्याय नव्हता.

म्हणजे समूहाची जागा संगीतकार नंतर निर्माण करीत नव्हता, ती रचनेतच राखून ठेवलेली होती. जिथे अशी जागा नाही तिथे काय होते, याचे उदाहरण केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या सुनीताचे घेता येईल. शीर्षकात अनेकवचन आहे, परंतु हे ‘आम्ही’ म्हणजे कवी. ज्यांना ते उद्देशून बोलत आहेत ते त्यात नाहीत. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरी ओळी एकापाठोपाठ एक येतात. ध्रुपद नाही, थांबा नाही, दुसऱ्या कोणी ओळ उचलावी अशी जागा नाही. ही उणीव नव्हे. कवीच्या वेगळेपणाचा उच्चार करणाऱ्या कवितेला तोच घाट शोभतो. मात्र दोष वृत्ताचाही नाही. याच शार्दूलविक्रीडितात मंगलाष्टके शतकानुशतके म्हटली गेली आहेत, आणि प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येणाऱ्या ‘सावधान’ला अख्खा मांडव सामील होतो. सगळ्यांना येणारा एकच शब्द योग्य ठिकाणी ठेवला, तर एवढे अवघड वृत्तही समूहाचे होऊ शकते.

२. एकोणिसावे शतक : तीन समूह

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या जुन्या जागेत नवे काही घडू लागले. नाव असलेला, विशिष्ट विचार असलेला कवी नव्या समूहासाठी जाणीवपूर्वक रचना करू लागला. इथे तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले महात्मा फुल्यांचे. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा प्रसिद्ध केला तो कुणबी, माळी, महार, मांग आदी लोकांच्या उपयोगी पडावा या हेतूने. पंडितांसाठी काव्य लिहिण्याची ऐपत नसल्याने त्यांनी पोवाडा निवडला, असे नाही. ज्यांच्यापर्यंत पोचायचे होते त्यांच्या कानाला तोच साचा परिचित होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाल्यानंतर पुरोहिताविना विवाह लावण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा फुल्यांनी स्वतः नवी मंगलाष्टके रचली. साचा ओळखीचाच होता, पण वधू-वर आता एकमेकांशी समानतेचे बोलत होते. त्यांचे ‘अखंड’ अभंगाच्या वळणाचे आहेत, तेही याच कारणाने. पुढे सत्यशोधकी जलसे आणि त्यानंतर भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक आदींचे आंबेडकरी जलसे याच वाटेने गेले. तमाशाचा बाज घ्यायचा, त्यातला आशय बदलायचा, आणि ध्रुपद ऐकणाऱ्यांच्या स्वाधीन करायचे.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. मराठी ख्रिस्ती मंडळीत इंग्रजी भक्तिगीतांची भाषांतरे मूळ परदेशी चालींवर गाण्याचा प्रघात होता. त्यात एक तांत्रिक अडचण होती. इंग्रजी पद्याची लय आघातावर चालते, मराठीची मात्रांवर. परक्या चालीत स्वर जिथे लांबतो तिथे मराठी शब्दात ऱ्हस्व अक्षर यावे, आणि दीर्घ अक्षर घाईत उरकावे लागावे, असे वारंवार होते. ‘करुणा’ या शब्दातल्या ‘क’वर जोर आणि लांबी दिली की शब्द ऐकणाऱ्याला परका वाटू लागतो, मग अर्थ कितीही जवळचा असो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी या अडचणीवर उपाय केला. भाषांतर सोडून त्यांनी स्वतंत्र पद्ये देशी छंदांत आणि देशी चालींवर रचली. टिळकांची अभंगरचना आणि ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग यांमागे धर्मप्रसाराची दृष्टी होती हे खरे, परंतु उपासनेत बसलेल्या माणसाला आपल्या भाषेत एकसाथ गाता यावे, ही गरजही तितकीच खरी होती.

तिसरे उदाहरण गणेशोत्सवातील मेळ्यांचे. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३-९४च्या सुमारास आकार आला, आणि त्याबरोबर मुलांचे व तरुणांचे मेळे निघू लागले. एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या किंवा लेझीम, आणि तोंडी त्या वर्षासाठी मुद्दाम रचलेली पदे असा त्यांचा थाट असे. संगीत नाटकांनी घरोघरी पोचवलेल्या चाली मेळ्यांना आयत्याच मिळाल्या. मराठीत रचनाकाराने समूहासाठी लिहावे, समूहाने तालमी कराव्यात आणि रस्त्यावर सादर करावे, या अर्थाने मेळा हे आधुनिक समूहगायनाचे पहिले मोठे रूप म्हणावे लागेल. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, आणि आरंभीच्या काही मेळ्यांची पदे हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत भाग घेऊ नये असे सांगत होती. तोवर मोहरम हा कित्येक गावांत सर्वांचा उत्सव होता. एका समूहाने एकत्र यावे यासाठी दुसऱ्या एकत्र येण्यातून त्याला बाहेर काढले गेले.

तिन्ही उदाहरणांत तंत्र एकच आहे : ओळखीची चाल, नवे शब्द, सर्वांच्या वाट्याचे ध्रुपद. परिणाम मात्र तीन वेगळे आहेत. म्हणून समूहगायन हे स्वभावतःच माणसांना जोडते, असे जे भाबडेपणाने म्हटले जाते ते इतिहासाला धरून नाही. समूहगायन समूह घडवते एवढेच खरे. त्याची कुंपणे कुठे पडतात हे वेगळे पाहावे लागते.

३. भिवंडी, १९४९

मे १९४९ मध्ये अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाची परिषद भिवंडीत भरली. भारतीय भाषांच्या, विशेषतः उर्दूच्या, साहित्येतिहासात तिला महत्त्व आहे ते तिथे मंजूर झालेल्या नव्या जाहीरनाम्यामुळे. १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या संघटनेची भूमिका व्यापक होती. भिवंडीच्या जाहीरनाम्याने ती एकदम कडवी केली. कम्युनिस्ट पक्ष तेव्हा भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली आक्रमक मार्गाने चालला होता, आणि त्या काळाची छाया परिषदेवर होती. लेखकाने लढणाऱ्या जनतेसाठी लिहावे, जो तसे लिहीत नाही तो विरोधी पक्षातला, असा तो सूर होता. चारच वर्षांत, १९५३ च्या दिल्ली परिषदेत, ही भूमिका मागे पडली आणि नवा मसुदा आला.

भिवंडीचा हा प्रसंग ‘साहित्य आणि बांधिलकी’ या वादातले एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात समूहगीताचाही प्रश्न दिसतो. कवीने ‘मी’ सोडून ‘आम्ही’ म्हणावे, हा आग्रह ठरावाने मांडता येतो. परंतु कवितेतले ‘आम्ही’ हे ठरावाने लोकांचे होत नाही. त्यासाठी ते लोकांना गाता यावे लागते.

ते कसे गाता येते याचे उत्तर मुंबईच्या कामगार वस्त्यांत त्याआधीच दिले जात होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून पोवाडे, लावण्या, छक्कड आणि लोकनाट्य या ओळखीच्या प्रकारांत नवी रचना सुरू केली होती. अण्णा भाऊंनी तमाशाच्या आरंभीच्या गणात गणेशाच्या जागी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन घातले, ही घटना तंत्राच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. गण हा तमाशातला सर्वांनी मिळून म्हणायचा भाग. तोच त्यांनी बदलला. म्हणजे बदल अशा ठिकाणी केला की तो एकट्या नायकाच्या तोंडून न येता सगळ्या फडाच्या तोंडून यावा.

अमर शेख यांच्याविषयी इथे थोडे थांबून बोलायला हवे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. आईच्या तोंडून ऐकलेल्या मराठी ओव्या आणि गाणी हे त्यांचे पहिले शिक्षण. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आहेत, म्हणजे ते केवळ दुसऱ्यांचे शब्द गाणारे शाहीर नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानावरच्या विराट सभांना ज्या आवाजांनी भाषिक एकीचा अनुभव दिला त्यांत त्यांचा आवाज अग्रभागी होता. मराठीचा ‘आम्ही’ त्या सभांत ज्या कंठातून उमटला तो एका मुस्लिम शाहिराचा होता, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वेगळे वाटले नाही. वेगळे वाटू नये याचे कारण पुन्हा चाल हेच. पोवाड्याची झील उचलताना शाहिराचे मूळ नाव काय हे कोणी विचारत नाही.

भिवंडीच्या जाहीरनाम्याने जे हुकमाने मागितले, ते अमर शेखांनी आईच्या ओवीच्या आधाराने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरून एवढेच म्हणू की, समूहाचे गीत हे आधी समूहाच्या कानाचे असावे लागते.

४. शब्द आधी, चाल नंतर

१९३० च्या दशकापासून ध्वनिमुद्रिका आणि नंतर आकाशवाणी यांमुळे मराठी भावगीत रुजले, आणि कविता व चाल यांचे नाते उलटले. आता कवी चालीचा विचार न करता कविता लिही, आणि संगीतकार त्या कवितेसाठी नवी, फक्त तिच्याच मालकीची चाल बांधी. एकट्या गायकाच्या भावगीताला याचा फार लाभ झाला. शब्दाच्या छटेनुसार स्वर निवडण्याची सूक्ष्मता आली. समूहगीताला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. नवी चाल कोणालाच आधी येत नसते, ती शिकवावी लागते, तिच्या तालमी कराव्या लागतात. ज्यांनी तालीम केली ते मंचावर आणि ज्यांनी केली नाही ते खुर्चीत, अशी विभागणी आपोआप होते. ‘आपण’ मागे पडून पुन्हा ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ उरतात.

या अडचणीतून दोन मार्ग निघाले. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ ची. साने गुरुजींच्या प्रार्थना आणि पुढे वसंत बापटांसारख्या कवींनी कलापथकासाठी केलेली रचना शाखांतून आणि शिबिरांतून गायली गेली. चाली बहुधा सोप्या, आवाका लहान, ठेका चालीला-कवायतीला जुळणारा. विद्वान त्यांना संगीतदृष्ट्या साध्या म्हणतील, पण अकरा वर्षांच्या मुलाला दोनदा ऐकून त्या येत. रोज म्हटल्याने नवी चाल काही वर्षांत जुन्या चालीसारखी सर्वांची झाली. कविता समूहाच्या तोंडी जाण्यासाठी प्रतिभेइतकीच पुनरावृत्ती लागते, हे सेवा दलाने आणि नंतर शाळांच्या परिपाठाने दाखवले. ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान आज हजारो मुले एकसुरात म्हणतात, त्यामागेही हेच आहे.

दुसरा मार्ग पाश्चात्य वृंदगायनाचा, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाऊन स्वरसंवाद साधण्याचा. मुंबईतच सलील चौधरी यांनी १९५८ मध्ये बॉम्बे यूथ क्वायर उभे केले आणि भारतीय भाषांतील गीतांसाठी हा मार्ग किती समृद्ध होऊ शकतो ते दाखवले. मराठी कवितेत मात्र तो फारसा रुजला नाही. आमच्या मते याचे कारण केवळ संगीताच्या सवयीत शोधू नये. मराठी श्रोता गाण्यात प्रथम शब्द ऐकतो. चार आवाज चार वळणांनी गेले की शब्दाची कड पुसट होते, आणि ज्याला शब्द स्पष्ट ऐकू येत नाही तो ओळ उचलू शकत नाही. शिवाय जाणकार गायकांशिवाय असे गायन उभे राहत नाही. म्हणजे ते उत्तम सादरीकरण होते, पण त्यात श्रोत्याला जागा उरत नाही.

५. एका गझलेची समूहगीत म्हणून कहाणी

अलीकडच्या काळात ‘शब्द आधी, चाल नंतर’ या रीतीने घडलेले सर्वांत मोठे मराठी समूहगीत म्हणजे कौशल इनामदार यांचे ‘मराठी अभिमानगीत’. कविता सुरेश भटांची. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ते ठाण्यात प्रकाशित झाले. शंभराहून अधिक नामवंत गायक आणि साडेतीनशेहून अधिक समूहगायक त्यात आहेत. त्यासाठी लागणारा खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला. मराठी भाषेसाठी एवढ्या कंठांनी एक कविता गावी, या कल्पनेनेच अनेकांना भारून टाकले, आणि गेली कित्येक वर्षे शाळांच्या संमेलनांत ते गायले जाते.

हे गीत ‘आम्ही’च्या भाषेत बोलते. अभिमानाचे गीत म्हटल्यावर ते स्वाभाविक आहे. आम्हाला कुतूहल वाटते ते त्याच्या घाटाचे. भट हे मराठी गझलेचे अध्वर्यू. उर्दू गझलेची शिस्त मराठीत आणण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. या कवितेतही ओळीच्या शेवटी भाषेचे नाव पुनःपुन्हा येते आणि त्याआधी यमक जुळणारे क्रियापद येते. गझलेच्या परिभाषेत सांगायचे तर रदीफ आणि काफिया. मुशायऱ्यात काय घडते ते आठवावे. शायर शेराची दुसरी ओळ म्हणू लागतो, श्रोत्यांना काफिया कळतो, आणि रदीफ शायराच्या आधी सभागृहाच्या तोंडून बाहेर पडते. अभंगातल्या आखूड चरणाचे आणि मंगलाष्टकातल्या ‘सावधान’चे जे काम, तेच इथे रदीफ करते. गाणे प्रथमच ऐकणारा माणूसही दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला शेवटचा शब्द म्हणू शकतो. एका कवीने एकट्याने लिहिलेली कविता शेकडो कंठांना पेलली याचे श्रेय संगीतकाराचे आहेच, परंतु त्या घाटाचेही आहे. आणि हा घाट मराठीला उर्दूच्या शेजारातून मिळाला. मराठीच्या अभिमानाचे सर्वांत गाजलेले समूहगीत ज्या घाटात उभे आहे तो घाट उर्दूचा आहे, ही गोष्ट कमीपणाची नाही. उलट, अभिमानाच्या ‘आम्ही’ला दार असल्याची ती खूण आहे.

१९६० पासून महाराष्ट्राच्या तोंडी असलेले राजा बढे यांचे गीत श्रीनिवास खळे यांच्या चालीत शाहीर साबळे यांनी गायले, आणि २०२३ मध्ये त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाला. तिथेही शाहिरी ढंग हेच त्याचे बळ आहे. चाल नवी असूनही ती जुन्या ओळखीची वाटते, म्हणून ती समारंभापुरती राहिली नाही.

६. पुन्हा भिवंडी

ठाण्याहून भिवंडी वीस किलोमीटरांच्या आत आहे. तिथे मराठी बोलणारे आगरी, कुणबी आणि कोळी आहेत, घरात कोकणी बोली बोलणारे कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले उर्दूभाषक विणकर आहेत, तेलंगणातून आलेले तेलुगुभाषक पद्मशाली आहेत. शहराच्या एका भागात मुशायरा रंगतो आणि तालुक्याच्या गावांत हरिपाठ. समूहाने ओळ उचलण्याच्या जवळजवळ सर्व भारतीय रीती एका पंचक्रोशीत नांदत आहेत.

याच गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची तपशिलवार चौकशी केली, आणि मिरवणुकीतल्या घोषणांचा प्रश्न त्या चौकशीत आला. १८६९ मध्ये फुल्यांनी ज्या राजाचा पवाडा वंचितांना एकत्र आणण्यासाठी रचला, त्याच राजाच्या नावाने शंभर वर्षांनी समूहाचा उच्चार शेजाऱ्यावर रोखला गेला. घोषणा म्हणजे कडवे नसलेले ध्रुपदच. कडवे असते तेव्हा विचाराला वेळ मिळतो, कथा असते, दुसऱ्याचेही काही ऐकून घ्यावे लागते. नुसते ध्रुपद उरले की फक्त आवाज वाढवता येतो. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. त्यानंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या, दोन्ही समाजांची माणसे नियमितपणे एकत्र बसू लागली, आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. हे काम कोणत्याही गीताने केले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते एकत्र बसण्याने, बोलण्याने, एकमेकांना पाळीपाळीने ऐकून घेण्याने झाले. तरीही या पाळीपाळीने बोलण्याचे रूप आम्हाला ओळखीचे वाटते. एकाने ओळ सांगायची आणि दुसऱ्याने ती उचलून पुढे न्यायची, या धवलारणीच्या मांडवातल्या रीतीहून ते फार निराळे नाही.

साहित्याच्या शिक्षकांना यातून एक व्यवहाराची गोष्ट सांगता येईल. वर्गातली एखादी कविता संमेलनात समूहाने सादर करायची ठरते तेव्हा आपण बहुधा विषय पाहतो : देशभक्ती, भाषा, निसर्ग, एकता. विषयाआधी घाट पाहावा. कवितेत दुसऱ्याने उचलावी अशी ओळ आहे का? नसेल, तर ती कविता एकट्याने वाचावी, आणि तीत कमीपणा मानू नये. असेल, तर ती ओळ मंचावरच्या वीस मुलांना द्यायची की समोर बसलेल्या पाचशेंना, हे ठरवावे. चाल निवडताना ती समोरच्यांपैकी किती जणांच्या कानाला ओळखीची आहे ते पाहावे. वर्गात उर्दू, तेलुगु किंवा आगरी बोली बोलणारी मुले असतील तर त्यांच्या घरची चाल मराठी कवितेला लागते का, हेही पाहावे. मात्रांचा हिशेब जुळला तर ती लागते. टिळकांच्या पिढीने हा हिशेब केला होता, भटांनी आपल्या परीने केला.

कवितेतले सर्वनाम बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. कवीने ‘आम्ही’ लिहिले असेल तर ते तसेच म्हटले पाहिजे. पण ध्रुपद कोणाच्या हाती द्यायचे हे मात्र प्रत्येक वेळी गाणारेच ठरवतात, आणि ते समोरच्यांच्या हाती दिले की ‘आम्ही’ हा शब्द जसाच्या तसा राहूनही ‘आपण’च्या अर्थाने उमटू लागतो.